फिक्ससाहेबांची सोबत

ऐतिहासिक साहस आणि प्रणय एकत्र शिजवलेल्या कादंबऱ्यांत एक प्रसंग ठरलेला असतो. एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसलेली दोन माणसं काही कारणानं एकाच वाटेला लागतात. तो या बाजूचा सरदारपुत्र, ती त्या बाजूची हेर. मग पाऊस येतो. हा पाऊस पेरणीच्या कामाचा नसतो, फक्त कादंबरीच्या कामाचा असतो. वाटेत एक धर्मशाळा लागते आणि धर्मशाळेचा मालक हात जोडून सांगतो, ‘खोली एकच शिल्लक आहे, महाराज.’ इतक्या वर्षांच्या वाचनात दोन खोल्या रिकाम्या असलेली धर्मशाळा मला एकदाही भेटलेली नाही. त्या काळी धर्मशाळांचा धंदा फारच तेजीत असला पाहिजे.

मी या कादंबऱ्यांचा भोक्ता आहे आणि त्याची मला लाजही वाटत नाही. तलवार उपसून एकमेकांवर धावून गेलेली माणसं शंभर पानांनंतर एका भाकरीचे दोन तुकडे करतात, हे वाचायला कुणाला आवडणार नाही? मात्र या प्रकारातली माझी सर्वांत लाडकी जोडी या साच्यात बसत नाही. तिच्यातले दोघेही पुरुष आहेत, दोघेही इंग्रज आहेत, प्रणय त्यांच्यातल्या एकाचा तिसऱ्याच व्यक्तीशी होतो आणि दुसऱ्याला शेवटी गुद्दे खावे लागतात. ज्यूल व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ तुम्ही लहानपणी वाचलेली असणारच. भा. रा. भागवतांसारख्या लेखकांनी व्हर्न आपल्याकडे आणला तेव्हापासून तो मराठी मुलांच्या घरचाच झालेला आहे. त्या कादंबरीतला फिलिआस फॉग सगळ्यांना आठवतो, त्याचा नोकर पासपार्तू आठवतो आणि विमानं नसलेल्या काळातला तो बलूनही आठवतो. गंमत अशी की बलूनमधला प्रवास कादंबरीत नाहीच, तो १९५६ सालच्या सिनेमानं घुसडला. जो माणूस सुएझपासून लिव्हरपूलपर्यंत जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आहे, तो डिटेक्टिव्ह फिक्स मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

कादंबरी लिहिली गेली तेव्हा ती ऐतिहासिक नव्हती, उलट अगदी ताजी होती. फॉग लंडन सोडतो २ ऑक्टोबर १८७२ रोजी आणि त्याला परत यायचं असतं २१ डिसेंबरला. पॅरिसच्या ‘ल ताँ’ या वर्तमानपत्रात तिचे हप्ते त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात छापून येत होते आणि ते संपले तेव्हा फॉगच्या परतीची तारीख नुकतीच उलटलेली होती. म्हणजे त्या वेळचे वाचक ती जवळजवळ बातमीसारखीच वाचत होते. इतिहास ती आपल्यासाठी झाली, दीडशे वर्षं नुसती थांबून.

आता फिक्ससाहेबांची अडचण पाहा. बँक ऑफ इंग्लंडमधून ५५ हजार पौंड चोरीला गेलेत. चोर पकडणाऱ्याला २ हजार पौंड आणि सापडलेल्या रकमेवर शेकडा ५ टक्के असं बक्षीस आहे. फिक्स सुएझच्या धक्क्यावर उतरणारी माणसं न्याहाळत उभा आहे. तेवढ्यात ‘मंगोलिया’ बोटीवरून एक इंग्रज येतो. त्याचं वर्णन चोराशी जुळतं, त्याच्याकडे पिशवीभर नोटा आहेत, त्याला भयंकर घाई आहे आणि या घाईचं कारण तो काय देतो, तर म्हणे क्लबात पैज लागली. २० हजार पौंडांची! मी फिक्सच्या जागी असतो तर मीही त्याला चोरच समजलो असतो. प्रामाणिक माणूस इतकी घाई करत नाही.

पण पकडायचं तर वॉरंट हवं, आणि वॉरंट लंडनहून टपालानं यायचं. फॉगच्या मागे फिक्स आणि फिक्सच्या मागे वॉरंट, अशी ही दिंडी निघते. मुंबईला उतरल्याबरोबर फिक्स पोलीस कमिशनरांकडे धावतो आणि इथलंच वॉरंट मागतो. कमिशनर नकार देतात. हे प्रकरण लंडन कचेरीचं, आम्हाला तो अधिकार नाही. हे वाक्य वाचलं की व्हर्ननं मुंबई न पाहता लिहिली यावर माझा विश्वास बसत नाही. कचेरीत जाऊन ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकलेला कुठलाही मराठी माणूस फिक्सला तिथेच पाण्याचा पेला पुढे करील.

मुंबईचा मुक्काम सारा काही तासांचा. २० ऑक्टोबरच्या दुपारी बोट लागते आणि रात्री ८ वाजता कलकत्त्याची गाडी. फॉग मुंबईत काय पाहतो? काहीच पाहत नाही. तो स्टेशनावर जाऊन जेवायला बसतो. आज ज्या घुमटाखाली आपण धक्के खातो ती इमारत तेव्हा नव्हती, तिचं काम १८७८ साली सुरू झालं. बोरीबंदरच्या त्या साध्या स्टेशनावर खाणावळवाला त्याला सशाचं कालवण वाढतो. फॉग एक घास घेतो आणि त्याला शांतपणे विचारतो की हा ससा मारताना म्यॅव म्यॅव करत होता काय? मुंबईच्या उपाहारगृहांवर इतकी थंड टीका त्यानंतर कुणी केलेली नसेल. तोवर मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरलेला पासपार्तू तिकडे पुजाऱ्यांचा मार खातो, बूट तिथेच टाकतो आणि अनवाणी पळत स्टेशन गाठतो. हे बूट लक्षात ठेवा. कादंबरीतल्या कुठल्याही तलवारीपेक्षा ते जास्त कामाला येतात.

मग गाडी सुटते आणि फॉग ठाणे, घाट, नाशिक, खानदेश असा आपला अर्धा मुलूख ओलांडून जातो. खिडकीबाहेर एकदाही न पाहता. घाट चढताना, जिथे आपल्याकडचा निम्मा डबा दारात येऊन उभा राहतो, तिथे हा माणूस बोटीवर पत्ते कुटलेल्या ब्रिगेडिअरसमोर मख्ख बसलेला असतो. थळ घाटाचा रस्ता बांधायला किती वर्षं आणि किती माणसं लागली याचं त्याला काही नाही, त्याचं सगळं लक्ष वेळापत्रकात. लहानपणी मला या प्रकरणाचा राग यायचा. आपलं गाव पुस्तकात येतंय का म्हणून श्वास रोखून बसावं आणि नायकानं ढुंकूनही पाहू नये!

पुढे खोल्बी नावाच्या ठिकाणी रूळ संपतात. अलाहाबादपर्यंतचा ५० मैलांचा लोहमार्ग अजून बांधायचाच आहे, म्हणून फॉग २ हजार पौंडांना हत्ती विकत घेतो. ही मात्र व्हर्नची थाप. मुंबईची ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मार्च १८७० मध्येच जबलपूरला पोचून पलीकडच्या मार्गाला मिळाली होती. फॉग निघाला तेव्हा मुंबईहून कलकत्त्यापर्यंत सलग गाडीनं जाता येत होतं. हत्तीची काही गरज नव्हती. पण हत्ती नसता तर जंगलातली वाट नसती, वाट नसती तर सतीची मिरवणूक नसती आणि मिरवणूक नसती तर औदा नसती. कादंबरीसाठी ५० मैल रूळ उखडणं मी व्हर्नला माफ करून टाकलेलं आहे.

औदाला मात्र माफ करणं जरा जड जातं. म्हणजे औदाला नाही, तिच्या लेखकाला. ती मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी, इंग्रजी वळणात वाढलेली. तिचं बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी जबरदस्तीनं लग्न लावलेलं आणि आता त्याच्याबरोबर तिला जाळायला निघालेले. ज्यांच्या धर्मात अग्नी इतका पवित्र की त्याला प्रेताचा स्पर्शसुद्धा चालत नाही, त्या घरची मुलगी व्हर्ननं चितेवर चढवली! शिवाय सतीबंदीचा कायदा १८२९चा. पण ती आहे गोड. चितेवरून सोडवून फॉग तिला हाँगकाँगच्या ज्या नातलगाकडे पोचवायला निघतो, तो म्हणे सर जमशेटजी जीजीभाईंचा भाऊबंद. जमशेटजींनी चीनच्या व्यापारात पैसा केला आणि मुंबईला रुग्णालय नि कलाशाळा दिली, तेव्हा नातं शोधताना व्हर्ननं पत्ता तरी बरोबर काढला. तो नातलग हॉलंडला निघून गेलेला असतो, हे पुढे बरंच होतं.

फिक्स या काळात काय करतो? तो मुंबईला मागे राहतो. पासपार्तूच्या बुटांची हकीकत त्यानं ऐकलेली असते आणि गुन्हा हिंदुस्थानच्या भूमीवर घडलाय हे त्याच्या ध्यानात येतं. मग तो मलबार हिलचे तीन पुजारी आणि पुराव्यादाखल बुटांचा जोड घेऊन पुढच्या गाडीनं कलकत्त्याला निघतो आणि फॉगच्या आधी पोचतो. व्हर्ननं हा प्रवास लिहिलाच नाही याची मला फार हळहळ वाटते. एक चिडखोर इंग्रज हेर, त्याचं बोलणं न कळणारे तीन पुजारी, सोवळ्याओवळ्याचे प्रश्न आणि मधल्या बाकावर ते कातडी बूट! खरी साहसकथा त्या डब्यात होती. आणि फॉगला जे ५० मैल हत्तीवरून कापावे लागले ते या पुजाऱ्यांनी कसे कापले, याबद्दलही पुस्तकात अवाक्षर नाही. माझा तर्क असा आहे की फॉग व्हर्नच्या नकाशावरून गेला आणि पुजारी रेल्वेच्या.

कलकत्त्याच्या कोर्टात बूट टेबलावर येतात, पासपार्तू ‘माझे बूट!’ म्हणून ओरडतो आणि खटला तिथेच निकालात निघतो. फॉग दोघांच्या जामिनाचे २ हजार पौंड मोजून बोट गाठतो. पासपार्तू बूट परत घेतो आणि पायात घालून कुरकुरतो की हजार हजार पौंडांना एकेक पडला, तरी चावतातच.

इथपर्यंत फिक्स म्हणजे साधा खलनायक. गोष्ट बदलते ती हाँगकाँगला. ही वाटेतली शेवटची इंग्रज भूमी, इथे वॉरंट आलं नाही तर पुढे तो नुसता कागद. वॉरंट येत नाही. फिक्स पासपार्तूला अफूच्या अड्ड्यावर नेऊन झिंगवतो आणि त्यामुळे फॉगची ‘कार्नाटिक’ बोट चुकते. मग फॉग ‘टंकाडेर’ नावाचं छोटं शिडाचं जहाज भाड्यानं घेतो आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या फिक्सला, ज्याला तो आपल्यासारखाच बोट चुकलेला बापडा उतारू समजतो, विचारतो की येता का, जागा आहे.

झाली की नाही खोली एकच शिल्लक? अवघ्या २० टनांचं गलबत, बाहेर तुफान, पावसालाही तोटा नाही, आणि एकाच छपराखाली शिकारी आणि शिकार. फिक्सची जी घालमेल होते ती वाचण्यासारखी आहे. ज्याला बेड्या घालायच्या त्याचंच अन्न खायचं! मन खातं, पण पोटही काही ऐकत नाही, तेव्हा शेवटी तो जेवतो. एकदा धीर करून आपल्या वाटणीचे पैसे देऊ म्हणतो. फॉग सांगतो, राहू द्या, ते एकूण खर्चात धरलंय. आपल्याकडे हॉटेलच्या बिलावरून जी झटापट होते तिच्या मानानं हे फारच सभ्य झालं, पण लाजेनं मरणं मात्र तेच.

जपानला पोचल्यावर वॉरंट अखेर फिक्सच्या हाती पडतं. ते मुंबईपासून त्याच्या मागे धावत होतं आणि आलं होतं नेमकं ‘कार्नाटिक’वरून, म्हणजे फॉगला चुकवायला लावली त्याच बोटीनं. आता ते चालेल फक्त इंग्लंडात. इथे फिक्सच्या डोक्यात उजेड पडतो. चोराला पकडायचं तर तो इंग्लंडला पोचला पाहिजे, आणि तोही वेळेवर, वाटेत सगळे पैसे उडवायच्या आत. प्रशांत महासागरातल्या बोटीवर पासपार्तू त्याला यथेच्छ बुकलून काढतो. मार खाऊन झाल्यावर फिक्स उठतो, कपडे झटकतो आणि शांतपणे सांगतो की आजपर्यंत मी तुमच्या मालकाच्या वाटेत धोंडे टाकत होतो, आता ते उचलणार आहे. आपण दोस्त का? पासपार्तू म्हणतो, दोस्त नाही, फार तर एका बाजूचे.

मला वाटतं, सगळ्या कादंबरीचं मर्म या ठिकाणी आहे आणि प्रवासाचंही. आपण सोबती निवडतो ते प्रेमावरून. जिवलग मित्र, मेहुणे, शाळेतला गट. आणि ही जिवलग मंडळीच आपल्या गाड्या चुकवतात. त्यांना आपल्या पोचण्याशी काही देणंघेणं नसतं, त्यांना आपल्याशी देणंघेणं असतं. ‘असू दे रे, पुढची धरू’ हे वाक्य शत्रू कधी म्हणत नाही, ते मित्राच्याच तोंडी शोभतं. चहाला उतरून गाडी सुटेपर्यंत गप्पा मारणारा मित्र असतो. स्टेशनाबाहेरच्या देवळात ‘दोन मिनिटं’ म्हणून जाणाऱ्या मावशी असतात. फिक्सचा स्वार्थच असा होता की फॉग वेळेवर पोचल्याशिवाय तो साधणार नव्हता. असा सोबती लाखात एक.

आणि पुढे तो ते सिद्ध करतो. अमेरिकेतल्या गाडीत फॉगच्या जिवावर उठलेला एक कर्नल डब्यात आहे असं कळताच फिक्स पत्त्यांचा डाव सुचवतो. औदाला व्हिस्ट येत असतो, मुंबईच्या पारशी घरात काय येत नव्हतं म्हणा! संशयित, पोलीस आणि नायिका असे तिघे एका टेबलाशी बसून खेळतात आणि फॉगला डब्याबाहेर पडायची गरजच उरत नाही. सू लोकांच्या हल्ल्यात पासपार्तू पकडला जातो, फॉग त्याला सोडवायला बर्फात निघतो आणि जाताना औदाला कुणावर सोपवतो? फिक्सवर. तो बिचारा रात्रभर कुढत बसतो की पाखरू उडालं, पण शब्द मोडून जागचा हलत नाही. गाडी निघून गेल्यावर शिडाची घसरगाडी शोधून काढणारा तोच. ती घसरगाडी नसती तर पैज नेब्रास्काच्या बर्फात संपली असती.

खऱ्या आयुष्यात असं सहसा होत नाही हेही मला ठाऊक आहे. १८८९ साली, १४ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कमधून दोन तरुण बायका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. नेली ब्लाय पूर्वेला आणि एलिझाबेथ बिसलंड पश्चिमेला. दोघी पत्रकार, दोन प्रतिस्पर्धी संपादकांनी धाडलेल्या. ब्लायला आपल्याशी शर्यत लागलीय हे कळलं थेट हाँगकाँगला, आणि तेही असं की ती दुसरी तीन दिवसांपूर्वीच इथून गेली. फ्रान्समध्ये ब्लाय व्हर्नला भेटली तेव्हा त्यानं विचारलं होतं, तुम्ही माझ्या फॉगसारख्या मुंबईवरून का जात नाही? तिनं उत्तर दिलं, मला तरुण विधवेपेक्षा वेळ वाचवायचाय. आपल्या मुंबईची ही हुकलेली पाहुणी कोलंबोवरून गेली आणि ७२ दिवसांत घरी पोचली. बिसलंडला चार दिवस जास्त लागले. दोघींनीही पुस्तकं लिहिली. छान आहेत, पण वाचताना सारखं वाटत राहतं की या दोघींना एकाच गलबतात एकच खोली मिळायला हवी होती.

परत फॉगकडे. लिव्हरपूलच्या धक्क्यावर पाऊल पडताच फिक्स त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि महाराणींच्या नावानं अटक करतो. या अटकेबद्दल वाचक त्याला शिव्या देतात. माझं मत वेगळं आहे. इतके दिवस त्याचं मीठ खाऊनही त्यानं आपलं काम केलं, आणि हातातला कागद फाडून टाकला असता तर तो भला माणूस ठरला असता पण फिक्स राहिला नसता. खरा चोर तीन दिवसांपूर्वीच एडिंबरोला सापडलाय हे कळल्यावर तो धापा टाकत, केस विस्कटलेले अशा अवस्थेत कोठडीत माफी मागायला येतो. फॉग त्याच्याकडे पाहतो आणि साऱ्या कादंबरीत कधी न केलेली गोष्ट करतो. तो भराभर हालचाल करतो. दोन गुद्दे, फिक्स जमिनीवर.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. पैज हरलो असं समजून फॉग घरी बसतो आणि औदाच त्याला लग्नाचं विचारते. पुरुषांनी विचारायचं नि बायकांनी लाजायचं असा तो काळ, आणि ही मुंबईची मुलगी सरळ हात पुढे करते. पूर्वेकडे चालत राहिल्यामुळे मिळालेला एक फुकट दिवस शेवटी त्याला पैजही जिंकून देतो. पण मी पुन्हा पुन्हा वाचतो ते शेवटच्या प्रकरणातल्या हिशेबाचं पान. २० हजार पौंड मिळाले, वाटेत १९ हजार उडाले, उरले १ हजार. ते फॉगनं पासपार्तू आणि फिक्स या दोघांत वाटून टाकले. पासपार्तू निघताना आपल्या खोलीतला गॅसचा दिवा विझवायला विसरला होता, तो १,९२० तास जळत राहिला, आणि शिस्त म्हणजे शिस्त, त्याचं बिल फॉगनं त्याच्या वाट्यातून कापून घेतलं. फिक्सच्या वाट्यातून काहीही कापलेलं नाही.